जीएसटी घटला, पेट्रोलचं काय? इंदूरमधल्या दुसऱ्या गाडीचा हिशेब

इंदूर : मूळचं रावेर तालुक्यातलं एक जोडपं घरात दुसरी गाडी घेतंय. पहिली गाडी नवरा पीथमपूरला नेतो. घर भंवरकुआंजवळ, बायकोची नोकरी विजयनगरला. ती आय-बसने जायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीआरटीएस हटवण्याला उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. वेगळी लेन गेली की बसही सगळ्यांसोबत गर्दीत अडकणार. मे २०२५ मध्ये मेट्रो आली खरी, पण पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरकडचा, जेमतेम ६ किलोमीटर. हिच्या वाटेवर तो नाहीच.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पेट्रोल गाडीवरचा १ टक्का सेसही गेला. म्हणजे कर धरून ६ लाखांची गाडी साधारण ५१ हजारांनी स्वस्त. शोरूमवाले हाच आकडा पुढे करतात.

आता दुसरी बाजू मांडू. महिन्याला ६०० किलोमीटर, शहरातल्या गर्दीत लिटरला १५ चा अ‍ॅव्हरेज (कंपनीचा आकडा विसरा), म्हणजे ४० लिटर. मध्य प्रदेशात पेट्रोल शंभरीपार. वर्षाला ४८ हजारांच्या वर गेलेच. वाचलेले पैसे वर्षभरात पंपावर! पेट्रोल जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क, वर राज्याचा व्हॅट. सवलत एकदाच, हा कर मात्र प्रत्येक लिटरला.

जोडपं आता सीएनजीकडे वळलंय. डिकीत सिलिंडर आलं तर रावेरहून केळी आणायची कशात, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.