नुसत्या रूपावरून जात ठरत नाही



काँगर ईल या सापासारख्या लांब समुद्री माशाच्या जाती ओळखायला बाह्य रूप पुरेसे आहे, हे एका पत्रलेखकाचे मत पटत नाही. युरोपीय काँगरचे पारदर्शक, पानासारखे चपटे पिल्लू पूर्वी ‘लेप्टोसेफॅलस मॉरिसी’ नावाचा वेगळा मासा समजले जाई. १८८६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इव्ह दलाज यांनी फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे त्याचा काँगर होताना पाहिला, आणि गैरसमज मिटला. उलट आपली वाम काँगरसारखीच दिसते. पण टाळूच्या मध्यावरील सुळ्यांसारख्या दातांवरून तिचे कुळ वेगळे ठरते. असे दात तपासून मच्छीमारांना काय लाभ, असा आक्षेप येईल. मात्र वेगवेगळ्या जातींची आवक एकाच रकान्यात मांडली, तर घटणारी जात वाढणारीच्या आड लपते. ती वाचवायची तर आधी नेमकी ओळखायला हवी.

– एक वाचक