धरणाच्या पायाखालचा पाझर

मातीच्या धरणाची चिंता वाहताना आपली दृष्टी सांडव्यावर आणि जलाशयाच्या पातळीवर खिळते. परंतु जो धोका दीर्घकाळ अज्ञात राहतो, तो पायातील वाळूच्या थरांतून वाट काढणाऱ्या पाझराचा होय. पाझर हा स्वतः दोष नव्हे, मातीचे प्रत्येक धरण थोडेबहुत पाझरतेच. मात्र ते पाणी गढूळ येऊ लागले की मातीचे कण वाहून जात आहेत आणि आतील पोकळी जलाशयाच्या दिशेने मागे सरकत आहे, असे समजावे. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतील टीटन धरणाच्या पायथ्याशी सकाळी गढूळ पाणी दिसले आणि दुपारपर्यंत धरण फुटले.

त्याच देशात फ्लोरिडातील ओकीचोबी सरोवराभोवती, १९२८ च्या चक्रीवादळात किमान २,५०० माणसे दगावल्यानंतर, हर्बर्ट हूवर बांध उभारण्यात आला. त्याच्या पायात वनस्पतिजन्य माती, वाळू व शिंपल्यांचा चुनखडक असल्याने पाझराचे भय कायम राहिले. अखेर लष्करी अभियंत्यांनी २०२३ पर्यंत बांधाच्या पोटातून सुमारे ९० किलोमीटर लांबीची अभेद्य भिंत उतरवली. तिच्या अनेक टप्प्यांत मातीचे जागच्या जागी मिश्रण करण्याची पद्धत योजली गेली: फिरत्या पात्यांचे यंत्र खोल उतरते, सिमेंटयुक्त रबडी सोडत तेथलीच माती घुसळते, आणि एकमेकांत शिरलेल्या पट्ट्यांची सलग भिंत तयार होते. उघडा, कोसळणारा चर खणावा लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. मात्र पट्ट्यांत एखादी फट राहिली, किंवा भिंत अभेद्य थरापर्यंत पोहोचली नाही, तर पाण्याचा सारा जोर त्याच जागी एकवटतो. म्हणून नमुने काढून सलगपणाची परीक्षा घेणे अपरिहार्य आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत सरसकट लागू करावी, असे माझे म्हणणे नाही. दख्खनच्या काळ्या खडकात ही यंत्रे चालणार नाहीत. तेथे सिमेंटची पिचकारी हाच मार्ग. परंतु तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाचे थर खोल आहेत, आणि तेथील जुन्या मृदाबंधांसाठी या उपायाचा विचार आधी व्हावा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तेव्हा पाझराच्या मोजणीच्या नोंदी खात्याच्या दफ्तरात न ठेवता धरणाखालच्या गावांना दरवर्षी वाचून दाखवाव्यात, आणि गढूळ पाण्याची वर्दी देणाऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाची त्याच दिवशी दखल घ्यावी.