विश्लेषण : तिलापिया माशांच्या मृत्यूमागील विषाणू कसा सापडला?

इस्रायलमधील गॅलिली सरोवरात २००९पासून तिलापिया मासे (आपल्याकडे उजनीकाठची ‘चिलापी’) घटू लागले. मत्स्यतळ्यांतही मरतूक वाढली. यामागे नवा विषाणू असल्याचे २०१४मध्ये स्पष्ट झाले. २०१६मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय रचना उलगडली : आरएनएचे १० तुकडे. त्यातील फक्त सर्वांत मोठ्या तुकड्याचे इन्फ्लुएन्झा सी विषाणूशी पुसट साम्य आढळले. उरलेले नऊ कोणत्याही ज्ञात विषाणूशी जुळले नाहीत. २०१८मध्ये भारतातूनही त्याची नोंद झाली.

जनुकीय क्रम कळल्यानेच पीसीआर चाचणी शक्य झाली. तिचे महत्त्व मोठे आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या माशातही हा विषाणू असू शकतो आणि त्यावर औषध नाही. त्यामुळे मत्स्यबीज तळ्यात सोडण्यापूर्वी तपासून घेणे, हा मत्स्यशेतकऱ्यापुढचा एक महत्त्वाचा मार्ग आहे.