विकतची भूतदया

आमच्या नांदेड-लातूरकडे काही माळकऱ्यांच्या घरांत हल्ली एक नवेच खूळ शिरले आहे. दुकानातून बटेराची ठिपकेदार अंडी आणायची, थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून उबवायची आणि पिल्ले काढायची. विचारले तर उत्तर तयार असते : "महाराज, कुणाच्या तरी तव्यावर गेली असती. आम्ही जीव वाचवला. ही भूतदयाच की!"

मुळीच नाही. खाण्याच्या अंड्यांसाठी पाळलेल्या माद्यांत बहुधा नर सोडलेलाच नसतो. त्या अंड्यात पिल्लूच नाही, मग वाचवले कोणाला? आणि चार अंडी फळलेली निघालीच, तर तो जीव तुमच्या बल्बने वाढीला लागला. तुम्ही त्याला सोडवले नाही, बोलावून आणले. दुकानदाराला तर खाणाऱ्याचा पैसा आणि माळकऱ्याचा पैसा सारखाच. गल्ल्यात पडला की तो पुढचा ट्रे मागवतो. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन ज्या कुत्र्यामागे धावले, तो त्यांनी बाजारातून आणला नव्हता!

हा पक्षी आपल्या रानातला लावाही नाही. ही जपानी जात, 1974 साली कॅलिफोर्नियातून भारतात आणलेली. पिढ्यान् पिढ्या यंत्रात उबवल्यामुळे हिची मादी अंड्यांवर बसणेच बहुतेक विसरली आहे. म्हणजे आईपण तुमच्याकडे आले. 17-18 दिवस 37.5 अंश ऊब राखायची, पहिले 14 दिवस अंडी रोज तीन-चारदा फिरवायची. रात्री वीज गेली, तर अर्धवट घडलेला जीव आतच थंड पडतो. कासवी नुसत्या नजरेने पिल्ले पोसते, हा दृष्टान्त आपण कीर्तनात किती वेळा ऐकला! बल्बला कुठली नजर?

निघालेले पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे. पाण्याच्या वाटीतसुद्धा बुडते, म्हणून उथळ बशीत खडे टाकावे लागतात. दीड महिन्यात नर वयात येतात आणि एकमेकांची डोकी टोचून रक्तबंबाळ करतात. मग "देऊन टाकले कुणाला तरी." ज्याला दिले, त्याच्या घरी तवा नाही काय?

कोणी शेतात सोडून देतात. पिंजऱ्यात वाढलेले ते पाखरू मांजराच्या नाहीतर घारीच्या तोंडी जाते. 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले आणि तो बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पाळलेली पाखरे रानपाखरांत मिसळू देऊ नयेत, हेही ध्यानात असावे.

ज्यांच्या घरी आज पिल्ले चिवचिवताहेत, त्यांनी मला एवढेच सांगावे : आषाढीला दिंडी निघाली की त्यांचे दाणापाणी कोण पाहणार?