हेल्मेट काढायचं, पण का?

‘साय-फाय आहे यार, लॉजिक कसलं शोधतोस? व्हीएफएक्स बघ ना!’ थिएटरमधून बाहेर पडताना हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पण ते म्हणताना आपण गुपचूप एक सूट देऊन टाकतो. पडदा भव्य असला की कथा कच्ची चालेल, ही ती सूट. तिची किंमत शेवटी आपणच मोजतो.

‘एलियन’ मालिकाच घ्या. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या पहिल्या सिनेमात एका अंतराळवीराच्या चेहऱ्याला परग्रहावरचा जीव चिकटतो. क्वारंटाइनचा नियम दाखवत रिप्ली त्याला यानात घ्यायला नकार देते. तरी अ‍ॅश दार उघडतो. आपल्याला वाटतं, काय हा मूर्खपणा! पण पुढे कळतं की अ‍ॅश यंत्रमानव आहे आणि माणसं मेली तरी चालतील, तो जीव आणायचाच, असा त्याला छुपा आदेश आहे. चूक वाटलेली गोष्टच कथेचा कणा निघते. गंमत म्हणजे अ‍ॅश मूळ पटकथेत नव्हताच. वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी पुनर्लेखनात तो आणला. कागदावरची मेहनत ती हीच.

आता २०१२ चा ‘प्रोमिथियस’ बघा. दिग्दर्शक तोच, बजेट दहा कोटी डॉलरहून जास्त, दृश्यं डोळे दिपवणारी. पण अनोळखी ग्रहावर हवा ठीक आहे म्हटल्यावर शास्त्रज्ञ हेल्मेट काढतात. बोगद्यांचा नकाशा बनवणारा भूशास्त्रज्ञच वाट चुकतो. मेलेल्या परग्रहवासीयाला पाहून पळणारा जीवशास्त्रज्ञ सापासारख्या जिवंत प्राण्याला गोंजारायला जातो. का? पटकथेला कुणीतरी मरायला हवं होतं म्हणून!

चाहते वैतागले. पण मागणी काय आली? ‘पात्रं नीट लिहा’ यापेक्षा ‘आमचा जुना एलियन परत आणा’ हा आवाज मोठा ठरला. २०१७ च्या ‘कव्हेनंट’मध्ये एलियन परत आला, आधीच्या सिनेमातले मोठे प्रश्न घाईत गुंडाळले गेले आणि या वेळी तर मंडळी हेल्मेटशिवायच ग्रहावर उतरली. ‘प्रोमिथियस’ची कमाई सुमारे ४० कोटी डॉलर होती, याची २४ कोटींच्या आसपास. २०२४ च्या ‘रोम्युलस’मध्ये तर जुना गाजलेला संवाद आला आणि दिवंगत इयन होम यांचा चेहराही डिजिटल रूपात परतला.

कच्च्या पटकथेचं खरं नुकसान हे असं होतं. एक सिनेमा फसतो तो फसतोच, शिवाय आपल्या अपेक्षाही बदलतात. कथेवरचा भरवसा उडाला की आपण ओळखीचं काहीतरी मागायला लागतो. तोच राक्षस, तोच डायलॉग, तोच चेहरा. उरलेली भोकं आपण फॅन थिअरीने बुजवतो. मजा येते, मान्य. पण तो लेखकाचा गृहपाठ आहे आणि तो आपण तिकीट काढून करतोय!

म्हणजे पात्रांनी चुकूच नये का? अजिबात नाही. २०१६ चा ‘अरायव्हल’ आठवा. बजेट पाच कोटी डॉलरहूनही कमी. त्यात भाषातज्ज्ञ लुईसही परग्रहवासीयांसमोर सुरक्षासूट उतरवते. धोका तसाच आहे, पण ती संवाद साधायला आलीय आणि त्यासाठी समोरच्यांना तिचा चेहरा दिसायला हवा. कृती जवळपास तीच, पण आपण श्वास रोखून बघतो. कारण इथे ‘का?’चं उत्तर आहे.

कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमीत ‘हे पात्र असं का वागतंय?’ हा प्रश्न तुम्ही हमखास विचारता. उत्तर मिळालं नाही तर प्रवेश पुन्हा लिहायला लावता. नेपथ्याला चार खुर्च्या असलेल्या नाटकाला जो निकष लावता, तोच कोट्यवधी डॉलरच्या सिनेमालाही लावा. पुढच्या ट्रेलरखाली कमेंट टाकताना फक्त जुना राक्षस मागू नका, चांगली पटकथाही मागा.