खिडकीजवळची सीट : तंजावरहून समुद्राकडे, एका दिवसात आणि तेही बसने

तंजावरला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी बृहदीश्वराचं मोठं देऊळ, दुपारी भोसल्यांचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय, संध्याकाळी तंजावर चित्रांची खरेदी आणि रात्रीची ट्रेन. मोबाइल फोटोंनी भरतो, पण एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे समुद्र.

तंजावरपासून समुद्र फार लांब नाही. शहराच्या दक्षिणेला ६५-७० किलोमीटरवर, पूर्वेला ८०-८५ किलोमीटरवर आणि ईशान्येला साधारण १०० किलोमीटरवर किनारा लागतो. तिन्ही बाजूंना साध्या सरकारी बसने जाता येतं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत परतही येता येतं. शिवाय आपल्याला ओळखीची असलेली तंजावरची गोष्ट राजवाड्याच्या दारात संपत नाही. ती या रस्त्यांवरून थेट पाण्यापर्यंत जाते. तेव्हा या वेळी मुक्काम एक दिवसाने वाढवा आणि खालच्या तीनपैकी एक बस पकडा.

सहल पहिली : मनोरा, म्हणजे नेपोलियन आणि आपले सरफोजीराजे

आधी पट्टुक्कोट्टैची बस घ्या. अंतर साधारण ५० किलोमीटर. तिथे बस बदलायची आणि मल्लिपट्टिणमच्या बाजूला जायचं. या वाटेवर सेतुबावाछत्रम नावाचं गाव आहे. नावातला ‘बावा’ आणि ‘छत्र’ मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटतील.

शहर मागे पडलं की खिडकीबाहेर कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती सुरू होते. मग ओरत्तनाडू लागतं. या गावात सरफोजीराजे (दुसरे) यांनी त्यांच्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. रामेश्वरला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना इथे निवारा आणि फुकट जेवण मिळायचं. तंजावरच्या मराठा राजांनी अशी छत्रं ठिकठिकाणी उभारली आणि त्यांतल्या अनेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली.

या छत्रांचं मोल कळायचं असेल तर सरफोजीराजांची परिस्थिती आठवायला हवी. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली. त्यानंतर १८०१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. छत्रांमध्ये जातपात न बघता जेवण कसं मिळतं, आजारी प्रवाशांना औषध आणि लहान मुलांना दूध कसं दिलं जातं, हे त्यात त्यांनी सांगितलं आणि ही व्यवस्था चालू राहावी म्हणून आग्रह धरला. राज्य गेलेला राजा वाटसरूंच्या जेवणासाठी शब्द टाकतो, ही गोष्ट मुलांना बसमध्येच सांगा. आज यातली अनेक छत्रं पडझडीला आली आहेत. म्हणून ओरत्तनाडू आलं की मोबाइल बाजूला ठेवून बाहेर बघा.

पट्टुक्कोट्टैच्या आसपास भात मागे पडतो आणि नारळ सुरू होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळ या पट्ट्यावरून गेलं आणि लाखो माड आडवे झाले. नारळाचं झाड फळाला यायला काही वर्षं लागतात. त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांचं एका रात्रीत झालेलं नुकसान एका हंगामात भरून येणारं नव्हतं. खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्यागार रांगांमागे ही मेहनत आहे.

आणि मग किनाऱ्यावर उभा असलेला मनोरा. षटकोनी, आठ मजली आणि भोवती किल्ल्यासारखी तटबंदी. १८१४ मध्ये युरोपात नेपोलियनचा पाडाव झाला. ब्रिटिशांच्या त्या विजयाची आठवण म्हणून सरफोजीराजांनी हा बांधला. इथल्या शिलालेखात मराठीलाही जागा आहे. आपलं राज्य ज्यांच्या हातात गेलं, त्यांच्याच विजयाचं स्मारक बांधताना राजांच्या मनात काय असेल? परतीच्या बसमध्ये गप्पा मारायला हा प्रश्न पुरतो.

इथला समुद्र म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी. पाणी उथळ, लाटा छोट्या. तळाशी समुद्री गवत वाढतं आणि ते खायला समुद्रगाय येते. इंग्रजीत डुगाँग, तमिळमध्ये ‘कडल पसु’. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने याच पट्ट्यात, तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत, ४४८ चौरस किलोमीटरचं समुद्रगाय संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं क्षेत्र. समुद्रगाय काठावरून दिसेल अशी आशा मात्र मुलांना लावू नका. ती लाजाळू असते आणि संख्येनेही फार कमी उरली आहे.

सहल दुसरी : नागूर आणि वेळांकण्णी

ही बस पूर्वेला जाते. नीडामंगलम, तिरुवारूर आणि मग नागपट्टिणम. रस्ता चांगला असेल तर अडीच ते तीन तास.

नीडामंगलमलाही एक छत्र आहे, यमुनांबाळच्या नावाचं. तिरुवारूरला बस थांबली की देवळाशेजारचं विस्तीर्ण कमलालयम तळं बघायला मिळेल. त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीतातले तिन्ही मोठे रचनाकार याच गावात जन्मले, तेही तंजावरच्या मराठा राजवटीत. घरात कोणी गाणं शिकत असेल तर इथे तासभर उतरायला हरकत नाही.

नागपट्टिणमच्या उत्तरेला अगदी जवळ नागूर आहे. इथे हजरत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे आणि त्याला पाच मिनार आहेत. त्यातला सगळ्यात उंच, १३१ फुटांचा मिनार तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधला. दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसं येतात. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा.

नागपट्टिणमहून दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर वेळांकण्णी. मुंबईत माउंट मेरीच्या जत्रेला जाणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. इथला मोठा उत्सवही त्याच सुमारास, २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात असतो. तेव्हा बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आजी-आजोबा बरोबर असतील तर ते दिवस टाळा.

या किनाऱ्यावर पाय ठेवताना एक तारीख मनात असू द्या : २६ डिसेंबर २००४. रविवारची सकाळ होती आणि वेळांकण्णीत यात्रेकरूंची गर्दी होती. त्सुनामीने तमिळनाडूत सर्वाधिक बळी घेतले ते याच नागपट्टिणम जिल्ह्यात, सहा हजारांहून अधिक. त्यामुळे इथली माणसं समुद्राकडे पाठ फिरवत नाहीत, पण त्याला गृहीतही धरत नाहीत. आपणही तसंच वागावं. पाय भिजवा, पोहायला उतरू नका.

सहल तिसरी : तरंगंबाडी

ही सगळ्यात लांबची सहल, म्हणून पहाटेच निघा. आधी कुंभकोणम, मग मयिलाडुदुरै आणि तिथून तरंगंबाडी. साडेतीन-चार तास धरून चाला. कुंभकोणमला बस बदलताना पितळी डबऱ्यात मिळणारी फिल्टर कॉफी घ्या, पुढचा प्रवास सोपा होतो.

तरंगंबाडी हे चक्क डेन्मार्कच्या लोकांचं गाव होतं. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकांनी त्यांना इथे व्यापाराची परवानगी दिली आणि त्यांनी समुद्राला लागून डान्सबोर्ग किल्ला बांधला. सव्वादोनशे वर्षांनी, १८४५ मध्ये, त्यांनी हे गाव ब्रिटिशांना विकलं. पिवळसर किल्ला, रुंद शांत रस्ता आणि जुनी चर्चं अजून आहेत. १७०६ मध्ये इथे आलेल्या झीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याने तमिळ शिकून घेतली आणि इथल्याच छापखान्यात तमिळ पुस्तकं छापली.

याच मिशनतर्फे १७५० मध्ये श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी भारतात आला. पुढे तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजीची देखभाल त्यांनी याच श्वार्ट्झवर सोपवली. म्हणजे सरस्वती महालातली पुस्तकं पाहून आपण ज्या राजाचं कौतुक करतो, त्याच्या शिक्षणाचा एक धागा या किनाऱ्याशी जोडलेला आहे.

किल्ल्याजवळ मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, १३०६ सालचं. त्याचा पुढचा भाग समुद्राने गिळला. लाटा देवळाच्या किती जवळ येतात ते एकदा बघाच. सातशे वर्षांत किनारा किती सरकला, हे समजायला यापेक्षा सोपा धडा नाही.

बसमध्ये चढण्यापूर्वी

• तंजावरला जुनं आणि नवं अशी दोन बसस्टँड आहेत. जुनं गावात, नवं गावाबाहेर. आपली बस कुठून सुटते ते आदल्या संध्याकाळीच हॉटेलात विचारून ठेवा.

• बसच्या पाट्या बहुधा तमिळमध्ये असतात. गावाचं नाव तमिळ अक्षरांत लिहून घेऊन मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

• दोन वाक्यं पाठ करा. ‘मनोरा पोगुमा?’ म्हणजे ही बस मनोऱ्याला जाते का? आणि ‘मनोरा वंदा सोल्लुंगा’ म्हणजे मनोरा आला की सांगा. एवढं बोललात तरी अर्धी बस तुम्हाला उतरवायच्या कामाला लागते.

• साध्या टाउन बसमध्ये स्त्रियांना तिकीट लागत नाही. लांब पल्ल्याच्या बसमध्ये मात्र लागतं. सुटे पैसे जवळ ठेवा.

• साध्या बसमध्ये अनोळखी स्त्री-पुरुष शेजारी बसणं टाळतात. कोणी जागा बदलायला सांगितली तर राग मानू नका.

• मनोऱ्याला जाताना बस दक्षिणेकडे धावते, म्हणून सकाळचं ऊन डावीकडून येतं. येताना ती उत्तरेकडे जाते आणि मावळतीचं ऊनही डावीकडूनच येतं. त्यामुळे दोन्ही वेळा उजवीकडची खिडकी धरा.

• डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत इथे पावसाळा आणि वादळांचा हंगाम असतो. त्या दिवसांत हवामानाचा अंदाज बघूनच निघा.

• परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारा. समुद्र बघून झाल्यावर नव्हे!

एकच दिवस असेल तर?

लहान मुलं असतील तर मनोरा. अंतर कमी, पाणी शांत आणि गोष्ट रंजक. आई-बाबा किंवा आजी-आजोबा असतील तर नागूर-वेळांकण्णी, कारण वाटेत खाण्याची आणि बसण्याची सोय जास्त आहे. मित्रमैत्रिणींचा ग्रुप असेल, पहाटे उठायची तयारी असेल तर तरंगंबाडी.

टॅक्सीने हे सगळं लवकर होईल, यात शंका नाही. पण टॅक्सी ओरत्तनाडूला थांबणार नाही आणि शेजारी बसलेल्या आजी तुमच्या मुलीच्या हातात मोगऱ्याचा गजरा ठेवणार नाहीत. ज्या वाटांवर वाटसरूला कधी फुकट जेवण मिळायचं, त्या वाटा वाटसरूसारख्याच बघाव्यात. डबा घ्या, पाण्याची बाटली भरा आणि खिडकीजवळची सीट धरा.