अर्जात नसलेला रकाना



जून महिना आला की आमच्या शिष्यवृत्ती समितीच्या बैठका सुरू होतात. गेली काही वर्षे मी या समितीत आहे. विद्यार्थ्याचे गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आणि समाजातील दोघांची शिफारस एवढे पाहून आम्ही निर्णय घेतो. गेल्या वर्षी एका लहान किराणा दुकानदाराच्या पत्नीने सातवीतील मुलासाठी अर्ज केला होता. मुलाची शाळा बदलायची होती आणि नव्या खासगी शाळेचे शुल्क दुकानाच्या मिळकतीत बसणारे नव्हते. मुलाचे गुण एका वर्षात 81 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर आले होते. आमची अट किमान 60 टक्क्यांची. अर्ज नामंजूर झाला. त्या निर्णयाखाली माझीही सही आहे.

बैठक संपवून निघालो, तेव्हा त्या भगिनी जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘भाऊ, गुण का उतरले, हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.’’ वर्गातील चार मुले त्याच्या मागे लागली होती. डबा उघडला की नाक दाबून हसायचे, वह्यांवर शाई ओतायची, शाळा सुटताना सायकलची हवा सोडायची. मुलगा शाळा बुडवू लागला. डबा जसाच्या तसा घरी परत येऊ लागला. शिक्षकांना सांगितले, तर ‘मुलेच ती, चालायचेच,’ असे उत्तर मिळाले.

त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली नाही. अशा मुलांसाठी कोठे काही व्यवस्था आहे काय, याचा मी शोध घेऊ लागलो, तेव्हा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याची एक योजना वाचनात आली. आपल्यासारख्या व्यापारी माणसांना तिचा जमाखर्च समजण्याजोगा आहे, म्हणून तो येथे मांडतो.

मार्च 2018 मध्ये तेथील गव्हर्नर रिक स्कॉट यांनी ‘होप स्कॉलरशिप’च्या कायद्यावर सही केली आणि 2018-19 या शैक्षणिक वर्षापासून योजना सुरू झाली. सरकारी शाळेत ज्या मुलाचा छळ झाला, ज्याला मारहाण झाली किंवा धमकावले गेले, त्याला खासगी शाळेत जाण्यासाठी साहाय्य मिळू लागले. पैसा उभा करण्याची रीतही निराळी होती. मोटार विकत घेणाऱ्या माणसाला राज्याचा विक्रीकर द्यावाच लागतो. त्या करातील 105 डॉलर या निधीकडे वळवावेत, असे तो विक्रेत्याला सांगू शकत असे. खरेदीदाराच्या खिशातून जादा काही जात नव्हते. सरकारच्या तिजोरीत जाणारी रक्कम मुलाकडे वळत होती.

या योजनेतील दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली म्हणजे तेथे ना गुणांची अट होती, ना उत्पन्नाची. दुसरी गोष्ट, पालकांनी घटनेची नोंद शाळेत केली, एवढे पुरेसे होते. तक्रार चौकशीत सिद्ध झालीच पाहिजे, असा आग्रह नव्हता. नोंद झाल्यावर शाळेने चौकशी करायची आणि पंधरा दिवसांच्या आत पालकांना या साहाय्याची माहिती द्यायची, असे बंधन होते. मुलाचा शब्द प्रथम ऐकून घ्यायचा, हे तत्त्व त्यामागे होते.

आता नावेची बाजू पाहू. आरंभी या शिष्यवृत्तीची कमाल रक्कम इयत्तेनुसार वर्षाला साडेसहा ते सात हजार डॉलरच्या आसपास होती. अनेक खासगी शाळांचे शुल्क याहून अधिक असते. वरची रक्कम घरानेच भरायची. मुलाला रोज दूरच्या शाळेत पोचवणे आणि आणणे हेही घराकडेच. त्यासाठी आई किंवा वडिलांना कामाची वेळ बदलावी लागते. खासगी शाळेने प्रवेश दिलाच पाहिजे, असेही नाही. धाकटे भावंड जुन्याच शाळेत राहिले, तर घराच्या दोन दिशा होतात. पहिल्या काही वर्षांत जमलेल्या निधीच्या मानाने लाभ घेणारी मुले फारच कमी निघाली. मार्ग खुला असला, तरी त्यावरून चालण्याचा खर्च प्रत्येक घराला झेपतोच असे नाही.

या योजनेवर सर्वांत मोठा आक्षेप घेतला गेला, तो न्यायाचा. ज्याने सोसले, त्याने वर्ग सोडायचा, मित्र सोडायचे, ओळखीच्या शिक्षकांना मुकायचे. आणि ज्यांनी छळले, ती मुले त्याच बाकांवर बसून राहायची. पुढच्या वर्षी त्यांना दुसरे कोणी सापडते. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही ज्या आईचे मूल उद्या सकाळी शाळेत जायला घाबरते, तिला शाळा सुधारेपर्यंत थांबा, असे सांगणे माझ्याने होणार नाही. मुलाला आधी बाहेर काढावे आणि जुन्या शाळेला जाबही विचारावा. एकाने दुसरे टळत नाही.

आपल्या समाजात विद्येसाठी दान देण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईचे महावीर जैन विद्यालय 1915 साली स्थापन झाले. दक्षिण महाराष्ट्रात जैन बोर्डिंगांनी खेड्यापाड्यांतील मुलांना शिकते केले. त्या दानामागे अडलेल्या मुलाची अडचण ओळखण्याची दृष्टी होती. आज गावोगावी आपले शिक्षणनिधी आहेत. परंतु बहुतेक निधी गुणवंतांच्या सत्कारात रमले आहेत. छळ सोसणाऱ्या मुलाचे गुण त्या छळामुळेच घसरतात आणि गुणांची अट नेमके त्यालाच दाराबाहेर ठेवते. ही चूक आम्ही केली, म्हणूनच ती उघडपणे लिहीत आहे.

यंदा समितीपुढे मी तीन सूचना ठेवल्या आहेत. अर्जात ‘शाळा बदलण्याचे कारण’ हा रकाना असावा आणि कारण छळाचे असेल, तर गुणांची अट लावू नये. साहाय्यात शुल्काबरोबर बसभाडे, गणवेश आणि पुस्तकेही धरावीत. तसेच, पालकांची संमती असेल, तर समितीतील दोघांनी जुन्या मुख्याध्यापकांना भेटून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. मुलाचे नाव मात्र ना अहवालात छापावे, ना सत्काराच्या व्यासपीठावरून पुकारावे. खजिनदारांनी विचारले, ‘‘उद्या कोणी खोटे कारण लिहिले तर?’’ मी म्हणालो, ‘‘पेढीवर आपण उधारी देतो, तेव्हा एखादा बुडवतोच. त्यासाठी आपण दुकान बंद केले काय?’’

निर्णय पुढील बैठकीत व्हायचा आहे. त्या भगिनींना मी फोन केला होता. मुलाला त्यांनी त्याच्या मामांकडे परगावी ठेवले आहे. तो आता रोज शाळेत जातो, जेवतो. मात्र रात्री फोनवर आईला घरी कधी नेणार, असे विचारतो. अर्ज पुन्हा पाठवा, असे मी त्यांना सुचवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘या वेळी कारण लिहायला जागा ठेवा, भाऊ.’’